कौसाबाई धवलारीण आणि तिचा पंखा

सोमवार, २१ एप्रिल २०२५. पाणी उशिरा आले, टाकी अर्धीच भरली. राजसीची परीक्षा संपली. दुपारी वांगणीची कौसाबाई आली, डोक्यावर टोपली नव्हती. तिचा पंखा फाटला आहे. रविवारी तिच्या नातीची हळद. तोवर करून देते म्हणून सांगितले. उकाडा फार.

अंबरनाथच्या माईची रोजनिशी ही अशी, मोजकी आणि सुवाच्य. शाळेत सिस्टरनी छडीच्या धाकाने वळवलेलं अक्षर अजून ओळ सोडत नाही. पण त्या दिवशी ‘करून देते’ या शब्दांखाली तिने चक्क रेघ मारली होती. कशी नाही मारणार! जो पंखा एकदा तरी नीट हातात घ्यायला मिळावा म्हणून ती वर्षानुवर्षं टपून बसली होती, तो आपल्या पायांनी चालत तिच्या घरी आला होता. दुपारची झोप तर उडालीच, पण चहासुद्धा ओट्यावर गार झाला आणि तिला पत्ता नाही.

आता आधी कौसाबाई कोण ते सांगायला हवं. वांगणीहून भाजी आणणारी बाई एवढीच तिची ओळख अंबरनाथला. शेवळं, टाकळा, वालाच्या शेंगा, जे रानात आणि शेतात असेल ते टोपलीत. पण बदलापूरपासून पुढे गावागावांत विचारा, कोणीही सांगेल: कौसाबाई म्हणजे धवलारीण. लग्नातले धवळे, म्हणजे हळद कुटण्यापासून नवरी मांडवाबाहेर पडेपर्यंतची गाणी, ही तिची जहागीर. आवाज असा की मांडवात गायली तर वेशीवरची गुरं माना वळवतील.

धवलारणी पुष्कळ असतात. पंखा मात्र फक्त हिचाच. चंदनाच्या कोरीव काड्यांचा, मिटला तर बासरीएवढा आणि उघडला तर ताटाएवढा, जुना घडीचा पंखा. एक ओळ गाऊन झाली की कौसाबाई डावा हात वर करायची आणि मनगटाला एकच झटका द्यायची. फर्र! पंखा उघडायचा आणि त्याच क्षणी मांडवातल्या झाडून सगळ्या बाया तीच ओळ उचलायच्या. ती कोणाला ‘गा गं’ म्हणायची नाही. कोणाकडे बघायचीसुद्धा नाही. पंखा वाजला की हातातलं काम टाकून गायचं, ही त्या पट्ट्यातल्या बायांच्या अंगात मुरलेली गोष्ट होती.

हा पंखा तिच्याकडे आला कसा, त्याचीही गंमत आहे. कौसाबाईची आई डोक्यावर पाटी घेऊन कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, माळवं विकायला जायची. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथल्या लष्करी बराकींत येऊन राहिली होती, तेव्हाची गोष्ट. कौसा चारपाच वर्षांची, आईचा पदर धरून मागे. एका बराकीच्या दारात एका सिंधी बाईने उन्हाने लालबुंद झालेल्या त्या पोरीला या पंख्याने वारा घातला. पोरीने पंखा जो धरला तो सोडेचना. आईने पाठीत धपाटा घातला, तरी सोडेना. ती बाई हसायला लागली. “रहने दो,” ती म्हणाली, “कराची से यहाँ तक मैं लाई, आगे ये ले जाएगी.” ही हकिकत कौसाबाई दर वेळी त्या बाईचा आवाज काढून सांगते, आणि दर वेळी धपाट्याचा जोर वाढत जातो.

आणि माईचं म्हणाल, तर पंखे हे तिचं वेड. शाळेच्या नाटकांसाठी सिस्टर जुने, मोडके पंखे दुरुस्त करून घ्यायच्या. ते काम माईच्या बोटांना तेव्हा जे आवडलं ते आवडलंच. मग लग्न, संसार, नवरा गुरुदत्तराव कारखान्यात अधिकारी, मुलगा, सून. गुरुदत्तराव गेले, त्यानंतरच्या रिकाम्या दुपारी तिने पुन्हा सुई, सरस आणि चिमटा काढला. कोणाच्या आजोळचा, कोणी परदेशातून आणलेला, असे पंखे लोक तिच्याकडे आणून द्यायला लागले. सून हिमानी मैत्रिणींना सांगायची, “आमच्याकडे तीन सीलिंग फॅन आहेत आणि एक माई.” पण कौसाबाई आपल्या पंख्याला हात लावू देईल तर शपथ.

तीच कौसाबाई त्या सोमवारी दारातच फतकल मारून बसली आणि पदरात गुंडाळलेला पंखा तिने माईच्या पुढ्यात ठेवला. काड्यांवर चिकटवलेल्या रेशमी पानाच्या नुसत्या चिंध्या लोंबत होत्या.

“अगं, हे काय केलंस?”

“मी? बालाजीनं बूड टेकवला त्याचेवर! नव्वद किलोचा गडी. गादी व्हती म्हून काड्या वाचल्या.” बाळाजी म्हणजे तिचा मुलगा. “आता सांगतो कसा, आये, जाऊ दे ना, आपुन डीजे आनलाय. डीजे! ऋतिकाची हलद नि मी गप बसून डीजे आयकू?”

“नुसतं गा की मग. पंखा नसला म्हणून काय झालं?”

कौसाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही माईने तिला नेसत्या लुगड्याशिवाय मांडवात जायला सांगितलं होतं. “पंखा नाय तर मी नाय. पोरी आता पाठीला पाठ लावून मोबाइल बघत बसतात. त्यांना उठवायचा कोनी? हा उठवतो. हा नसला तर मी आपली म्हातारी, कोपऱ्यात वरडते म्हनून सोडून देतील नि डीजे सुरू.” तिने पंख्याकडे पाहिलं. “माझी ही शेवटची हलद, माई. ह्याचे म्होरं मी गायची नाय. ऋतिकाची झाली की बास.”

माईने एकेक चिंधी अलगद उचलली. “चित्र कशाचं होतं गं यावर?”

“बाई असल. झाड असल. मना काय म्हाईत?”

“सत्तर वर्षं हातात धरलास आणि चित्र माहीत नाही?”

“चित्र लोकांचे बाजूला, माई. मी मागल्या बाजूला.”

माई खळखळून हसली आणि म्हणाली, “रविवारपर्यंत करून देते.”

त्या संध्याकाळपासून घरातलं जेवणाचं टेबल तिने ताब्यात घेतलं. ओल्या फडक्याने पान काड्यांवरून सोडवलं. पानाच्या पाठीमागे तपकिरी पडलेला, कडक झालेला एक कागद चिकटवलेला होता. मधल्या काळात कोणीतरी अडाण्यासारखी केलेली मलमपट्टी, असं माईने ठरवून टाकलं आणि तो खरवडून कचऱ्यात टाकला. मग भिंगातून रेशमाचे तुकडे जुळवायला बसली. एका तुकड्यावर पुलाचं टोक. दुसऱ्यावर मोहरलेली फांदी. तिसऱ्यावर, अहाहा, निळ्या झग्यातल्या एका बाईची कंबर आणि तिच्या हातात, दिसेल न दिसेल एवढा, उघडा पंखा!

“राजसी, धाव! पंख्यावरच्या बाईच्या हातात पंखा आहे!”

नात राजसी धावत आली, बघितलं, “भारीच ना आजी,” म्हणाली आणि फोटो काढून घेऊन गेली.

मंगळवार आणि बुधवार माई रंगवत होती. पंख्यावरचं चित्र म्हणजे कागदावरचं चित्र नव्हे. आधी घड्या कुठे पडणार त्याच्या पुसट रेघा मारायच्या, मग चेहरा दोन घड्यांच्या मधोमध बसवायचा. चेहरा घडीवर आला तर दर वेळी पंखा मिटताना बाईचं नाक मोडतं. नवीन तलम रेशीम, कापडावरचे पक्के रंग, वरून इस्त्री. बुधवारी रात्रीच्या जेवणाला घरच्यांनी ताटं मांडीवर घेतली, पण कोणी कुरकुरलं नाही, इतकं ते चित्र देखणं झालं होतं.

आता घड्या. एकसारख्या, सूर्यकिरणांसारख्या वरून रुंद आणि खाली निमुळत्या घड्या हाताने घालणं माईच्या बोटांना आता जमण्यासारखं नव्हतं. पण असल्या घड्या जिथे रोज पडतात ती जागा तिला ठाऊक होती. उल्हासनगर, कॅम्प दोन. लेहेंग्यांचं आणि ओढण्यांचं प्लीटिंग करणारा चंदू तिथे पत्र्याच्या गाळ्यात बसायचा. जाड कागदाचे दोन घडीदार साचे, मध्ये कापड, साचा मिटून दोरीने आवळायचा आणि वाफेच्या पेटीत ठेवायचा, ही त्याची रीत. बाहेर काढलं की कापडाला ज्या घड्या पडतात त्या जन्मात जात नाहीत.

चंदूने ते अर्ध्या ताटाएवढं रेशीम दोन बोटांत धरलं. “माईजी, ये किसका लहंगा है? बाहुलीचा?”

“पंख्याचं पान आहे. घडी रेघेवरच पडली पाहिजे हं, इकडची तिकडे झाली तर माझ्या बाईचं नाक जाईल.”

“नाक की गॅरंटी मेरी,” चंदू म्हणाला, आणि खरोखर नाक वाचलं.

शुक्रवारी पंखा तयार झाला. घड्यांच्या पाठीमागे चंदनाच्या काड्या चिकटवल्या, तळाला जुनाच खिळा आणि त्यावर शिंपल्याची टिकली. माईने तो हळूच उघडला. मोहर, पूल, निळी बाई. चंदनाचा गंध अजून होता! हिमानी म्हणाली, “माई, हा फ्रेम करून लावण्यासारखा झालाय.” माई फुलून गेली. पहिल्यांदा झटका द्यायचा मान तिने कौसाबाईसाठी राखून ठेवला होता.

कौसाबाई आली ती दुपारच्या उन्हात, घामाघूम. चित्राकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मिटलेला पंखा डाव्या हातात घेतला, हात वर केला आणि झटका दिला.

फुस्.

पंखा पूर्ण उघडला होता. काही म्हणजे काही वाजलं नव्हतं.

तिने मिटला, पुन्हा झटका दिला. फुस्. तिसऱ्यांदा दिला तेव्हा तिच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या.

“अगो माई, ह्यो मुका झायला!”

“मुका? अगं, बघ तरी किती सुंदर…”

“सुंदर हाय, मी काय नाय म्हनत नाय. ऋतिकाचे बापाला भिंतीवर लावायला दे. पन हा बोलत नाय, माई. मेले कोंबडीचे पंखावानी उघडतो.”

हिमानीने बाजू सावरून घेतली. “आजी, तो आवाज आपण मोबाइलवर लावू की. नेटवर मिळतो सगळा.”

“मंग मना पन मोबाइलवर लाव,” कौसाबाई म्हणाली. पंखा टेबलावर ठेवून ती उठली. दारात थांबून तिने मागे पाहिलं. “तुजा दोस नाय गो. तू केलंस ते लई केलंस.” हे ऐकून तर माईला जास्तच लागलं. कौसाबाईने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी माई रिक्षाने पुन्हा कॅम्प दोनला गेली. घड्या मऊ पडल्या असतील, आणखी कडक केल्या तर वाजतील, एवढीच वेडी आशा. चंदू गिऱ्हाइकात होता. त्याने तिला स्टुलावर बसवलं आणि एका लग्नाच्या लेहेंग्याची जाळी साच्यातून काढायला घेतली. नाजूक कापडाला साच्याचा डाग लागू नये म्हणून मध्ये बटर पेपर घालायची त्याची पद्धत. त्याने जाळी उचलली, मग तो घडीदार बटर पेपर एका टोकाला धरून झटकला.

फर्र!

माई ताडकन उभी राहिली. स्टूल आडवं झालं.

“चंदू! पुन्हा कर!”

“क्या पुन्हा?”

“तो कागद! झटक पुन्हा!”

फर्र.

“कागद होता रे! मागे कागद होता, तोच वाजत होता, आणि मी तो खरवडून कचऱ्यात टाकला!” माई एकाच वेळी हसत होती आणि कपाळावर हात मारून घेत होती. “मी त्याला मलमपट्टी समजले! तो त्याचा गळा होता रे, गळा!”

“किसका गला, माईजी? बैठो, बैठो, पानी पियो.” चंदूला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

पण पाणी प्यायला माईला सवड नव्हती. तिने पिशवीतून पंखा काढला, चंदूच्या कटिंगच्या टेबलावरचे कपडे बाजूला सारले आणि कामाला लागली. बाजूच्या समोसेवाल्याकडून वाटीभर मैदा आणला, चंदूच्याच शेगडीवर खळ शिजवली. ओल्या बोटांनी एकेक काडी सोडवली. रंग धरून राहिला, नाकही राहिलं. रेशीम उलटं पसरून त्यावर पातळ खळ, त्यावर बटर पेपर. बुडबुडा राहता कामा नये. चंदूने आपली गिऱ्हाइकं दारात उभी करून ठेवली होती, आणि ती गिऱ्हाइकंही आता लेहेंगे विसरून आत डोकावत होती.

“अब स्टीम?” चंदूने विचारलं, आणि लगेच स्वतःच मान हलवली. “नही. खळ सुटून जाईल. वाफ लागली की कागद अलग, कपडा अलग.”

“मग वाफेशिवाय?”

“गरमी तो चाहिए, माईजी. सूखी गरमी.”

दोघांनी एकदमच वर पाहिलं. एप्रिलचं ऊन आणि कॅम्प दोनचा पत्रा! चंदू शिडी लावून चढला. पान आत घालून साचा आवळून बांधलेला, खाली पत्रा, वर दोन लोखंडी पाट. वरून त्याचा आवाज आला, “माईजी, इधर तो आमलेट बन जाएगा!”

माईने डबा उघडून पोळीभाजी खाल्ली, पण काय खाल्लं ते तिला सांगता आलं नसतं. ऊन कललं तेव्हा चंदूने साचा खाली आणला, दोरी सोडली आणि पान माईच्या हातात दिलं. तिने दोन टोकं धरली आणि ओढली.

फर्र!

“अरे, ये तो बात करता है!” चंदू ओरडला, आणि दारातल्या गिऱ्हाइकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन काड्या पुन्हा चिकटवल्या, पंखा मिटून फितीने बांधला. आता मात्र हात लावायचा नव्हता. खळ पुरती सुकायच्या आत उघडला तर पान काड्यांवरून उचकटणार. म्हणजे कागद काड्यांसकट वाजतो की नाही, हे थेट मांडवातच कळणार होतं.

रविवारी वांगणीच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला माणसाएवढे काळे स्पीकर, त्यांच्याशेजारी गॉगल लावलेला डीजेवाला “हॅलो, हॅलो, चेक” करत होता. पोरी घोळक्याने मोबाइलवर. ऋतिका पाटावर, पिवळी साडी, मुंडावळ्या. माईने मिटलेला पंखा कौसाबाईच्या हातात दिला आणि सवयीप्रमाणे मागे, मांडवाच्या कडेच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. अशा कार्यात ती कडेलाच उभी राहायची, गुरुदत्तराव गेल्यापासून.

“आये,” बाळाजी आईजवळ येऊन म्हणाला, “दहा मिनटं काय ते गा. मंग तो लावनार हाय.”

“तू आधी बघून बस,” कौसाबाई म्हणाली. आसपासच्या बाया फिस्कन हसल्या आणि बाळाजी कानकोंडा होऊन बाजूला झाला.

तिने उजवा तळहात कानाशी नेला.

“हलद कुटली गो, उखल डोलतो,
नवरीचे अंगनी सोन्याचा दिस खेलतो…”

आवाज पहिल्या ओळीला थोडा घोगरा होता. डीजेवाल्याचं “चेक, चेक” त्याच्यावरून चाललंच होतं. एक पोरगी फोनमधून मान वर न करता कोणाशी तरी हसत होती. कौसाबाईचा डावा हात वर गेला. माईने खांब घट्ट धरला.

फर्रर्र!

वीज कडाडावी तसा आवाज. कोरडा, ताजा, बाळाजी बसण्याआधी जसा होता त्याहून दुप्पट करकरीत. आणि मग ओट्यावरच्या म्हाताऱ्या, चुलीपाशी वडे तळणाऱ्या, बांगड्या भरायला बसलेल्या, सगळ्या एकदम: “सोन्याचा दिस खेलतोऽऽ!” फोनवाली पोरगी दचकून उठली आणि तिच्याही तोंडून ओळ निघाली, कारण ती तान्ही असल्यापासून या आवाजावर गात आली होती. फर्रर्र! दुसरी ओळ. फर्रर्र! तिसरी. घोगरेपणा कुठल्या कुठे गेला. डीजेवाल्याने गॉगल कपाळावर चढवला, माइक खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. दहा मिनिटांचे किती झाले ते बाळाजीने कोणाला विचारलं नाही. तो स्वतः टाळ्या वाजवत होता.

गाणं संपलं तेव्हा कौसाबाई घामाने निथळत होती आणि डोळे लकाकत होते. तिने पहिल्यांदा पंखा उलटा करून पुढच्या बाजूला पाहिलं.

“हिचे हातात पन पंखा हाय गो!”

“आहेच मुळी,” माई खांबापासून म्हणाली.

“तिकडं काय करतंस? ये हिकडं.”

“अगं, असू दे. मी बरी आहे इथे.”

“ये म्हनते ना!” पण माई हलेना, तेव्हा कौसाबाईच उठली. पंखा कंबरेला खोचून तिने हळदीच्या ताटात दोन्ही हात बुडवले. बायांना कोपराने बाजूला सारत ती खांबापाशी आली.

“कौसा, अगं मला नको, मी कशी…”

“गप,” कौसाबाई म्हणाली, आणि माईच्या दोन्ही गालांवर, मग दोन्ही खांद्यांवर तिने हळद थापली. बाकीच्या बायांनी हसत हसत तिला पाटापाशी ढकललं. ऋतिकाने पाटावरून हात पुढे केला आणि माईला ओढून आपल्या शेजारी बसवलं.

माई घरी परतली, तोंड धुतलं आणि रोजनिशी उघडली. त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे:

फिक्या निळ्या साडीला खांद्यावर हळदीचे डाग. साबण लावू नये, लाल होतात. उद्या नुसत्या पाण्यातून काढून उन्हात घालणे.